प्रामाणिकपणाची खरी कसोटी : अब्राहम लिंकन

अब्राहम लिंकन यांचे नाव घेतले की बहुतेकांना एका दुकानाची गोष्ट आठवते. इलिनॉय प्रांतातील न्यू सेलम या छोट्या वस्तीत ते तरुणपणी दुकानात काम करीत. एका बाईकडून चुकून सहा सेंट जास्त घेतले गेले. संध्याकाळी हिशेब करताना ते लक्षात आले, तेव्हा दुकान बंद करून ते कित्येक मैल चालत गेले आणि तिचे पैसे तिला देऊन आले. ही गोष्ट त्यांच्या ओळखीच्या माणसांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितली. त्यामुळे तिच्यातील मैल आणि सेंट प्रत्येक पुस्तकात थोडे वेगळे असतात.

गोष्ट चांगलीच आहे, पण सहा सेंट परत करणारा प्रत्येक जण थोर राष्ट्राध्यक्ष होत नाही. आपल्या गावोगावच्या बाजारपेठेतही असे दुकानदार सापडतील आणि त्यांना कोणी ओळखतही नसेल. सत्ता हाती असताना, चारही बाजूंनी दबाव असताना, खरे बोलल्याने आपलीच खुर्ची जाणार हे दिसत असताना माणूस कसा वागतो, हे पाहिले तर लिंकन यांचे मोठेपण नीट कळते. त्यांचे कोठे चुकले तेही मग दिसते.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी प्रांतात, ओंडक्यांनी बांधलेल्या एका खोलीच्या घरात त्यांचा जन्म झाला. वडील थॉमस हे शेतकरी आणि सुतार होते. केंटकीत गुलामगिरीला कायद्याची मान्यता होती आणि जमिनीच्या मालकीचे तंटेही फार होते. या दोन्ही कारणांनी हे कुटुंब १८१६ मध्ये इंडियाना प्रांतात गेले. तेथे १८१८ मध्ये आई नॅन्सी विषारी दुधाच्या आजाराने वारली. विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईंच्या दुधातून हा आजार होत असे. अब्राहम तेव्हा नऊ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी सावत्र आई सारा घरात आली आणि तिने या मुलाला पोटच्या मुलासारखे वाढवले. शाळेत गेल्याचे सगळे दिवस मिळून एक वर्षही भरत नव्हते. बाकीचे शिक्षण मागून आणलेल्या पुस्तकांवर झाले.

१८३० मध्ये कुटुंब इलिनॉयला आले. १८३१ मध्ये लिंकन घर सोडून न्यू सेलमला राहू लागले. १८३२ मध्ये ते प्रांतिक विधानसभेची निवडणूक हरले. पण त्यांच्या स्वतःच्या वस्तीत पडलेल्या ३०० मतांपैकी २७७ मते त्यांना मिळाली होती. रोज पाहणाऱ्या शेजाऱ्यांनी दिलेले हे प्रमाणपत्रच म्हणायचे.

यानंतरचा प्रसंग, मी स्वतः वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे असेल, मला दुकानाच्या गोष्टीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. विल्यम बेरी नावाच्या भागीदाराबरोबर लिंकन यांनी स्वतःचे दुकान काढले. भांडवल जवळ नव्हते, म्हणून माल आणि दुकान दोन्ही वचनचिठ्ठ्या लिहून घेतले. धंदा बुडाला. १८३५ मध्ये बेरी वारले आणि दोघांचे मिळून सुमारे ११०० डॉलरचे कर्ज एकट्या लिंकन यांच्या डोक्यावर आले. भागीदारीत एकाने दिले नाही तर दुसऱ्याकडून पूर्ण रक्कम वसूल करता येते, हे आम्हाला वर्गात शिकवतात. कायदा तेव्हाही असाच होता. पण त्या सरहद्दीच्या मुलुखात कायद्यापेक्षा घोडा वेगवान होता. कर्जबाजारी माणूस एका रात्री सामान बांधून पश्चिमेकडे निघून जाई आणि त्याला शोधत कोणी येत नसे. लिंकन गेले नाहीत. ते जमीनमोजणीची कामे करू लागले होते. एका घेणेकऱ्याने त्यांचा घोडा आणि मोजणीची साधने जप्त करून लिलावात काढली. एका शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्यांची त्यांना परत दिली, म्हणून पोट चालले. हे कर्ज फिटायला पुढे बरीच वर्षे लागली. लिंकन थट्टेने त्याला आपले राष्ट्रीय कर्ज म्हणत.

त्याच काळात, १८३३ ते १८३६, ते न्यू सेलमचे पोस्टमास्तर होते. टपाल कार्यालय बंद झाले तेव्हा सरकारची थोडी रक्कम त्यांच्याकडे शिल्लक राहिली. पुढे हिशेब घ्यायला सरकारी माणूस आला, तोपर्यंत ते स्प्रिंगफील्ड शहरात वकिली करू लागले होते आणि फार ओढगस्तीत होते. त्यांच्या एका मित्राने सांगितलेली आठवण अशी की, हा आता पैसे कोठून आणणार या काळजीने तो उसने द्यायला निघाला होता. लिंकन यांनी पेटीतून जुनी पुरचुंडी काढली. लोकांनी टपालखर्च म्हणून दिलेली तीच नाणी तिच्यात जशीच्या तशी होती. डोक्यावर कर्ज, घरात चणचण आणि हाताशी कोणी न मागितलेले पैसे, असे सगळे जुळून आले असतानाही त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

वकील म्हणूनही त्यांची ख्याती हीच राहिली. २१ फेब्रुवारी १८५६ चे त्यांचे एक पत्र उपलब्ध आहे. एका हॉटेलच्या भाडेकराराची कागदपत्रे करून दिल्याबद्दल अशिलाने २५ डॉलर पाठवले होते. लिंकन यांनी १५ डॉलरची पावती आणि १० डॉलरची नोट परत पाठवली. एवढ्या कामाला पंधरा पुरेत, असे कळवले. याचा अर्थ ते भोळे होते असा नव्हे. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा एक मोठा करखटला त्यांनी जिंकून दिला आणि कंपनीने त्यांची फी द्यायला खळखळ केली, तेव्हा त्यांनी कंपनीवरच दावा लावला आणि १८५७ मध्ये ५००० डॉलर वसूल केले. कामाचे मोल जेवढे, तेवढेच घ्यायचे. गरिबाकडून जास्त नाही आणि धनवंताकडून कमीही नाही.

पण याच वकिलीत एक डाग आहे आणि तो लपवून लिंकन यांचे चरित्र सांगणे त्यांनाही आवडले नसते. १८४७ मध्ये केंटकीच्या एका जमीनदाराने इलिनॉयमधील आपल्या शेतावर गुलाम आणून ठेवले होते. त्यांतील जेन ब्रायंट या स्त्रीने आपल्या मुलांसह स्वातंत्र्यासाठी न्यायालयात धाव घेतली. लिंकन त्या खटल्यात जमीनदाराचे वकील म्हणून उभे राहिले. न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला आणि ते कुटुंब मुक्त झाले. हे त्यांनी का केले, यावर चरित्रकार अजून वाद घालतात. मला त्यात समर्थन करण्यासारखे काही दिसले नाही.

हे अधिक खुपते, कारण दहा वर्षे आधी याच माणसाने गुलामगिरीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती. १८३७ मध्ये इलिनॉयच्या विधानसभेत गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव आला. बाजूने ७७ आणि विरुद्ध ६ मते पडली. त्या सहांत सत्तावीस वर्षांचे लिंकन होते. नंतर डॅन स्टोन या एका सहकाऱ्यासह त्यांनी लेखी नोंद केली की गुलामगिरी अन्यायावर उभी आहे. चळवळ करणाऱ्यांची पद्धतही त्यांना पसंत नव्हती, तेही त्यांनी त्याच कागदावर लिहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इलिनॉयच्याच ऑल्टन गावात गुलामगिरीविरोधी संपादक एलायजा लव्हजॉय यांना जमावाने ठार केले. हवा कोणत्या दिशेने वाहत होती हे यावरून कळेल.

१८४७ मध्ये लिंकन राष्ट्रीय संसदेच्या प्रतिनिधिगृहात गेले. मेक्सिकोशी युद्ध चालू होते आणि विजय मिळत असल्याने देशात उत्साह होता. नव्या सदस्याने गप्प बसावे, असा तो काळ. त्यांनी ठराव मांडून राष्ट्राध्यक्षांनाच विचारले की ज्या जागेवर आपले रक्त सांडल्याचे सांगता, ती जागा नेमकी आपली होती का? सैनिकांच्या रसदीला मात्र त्यांनी विरोध केला नाही. मतदारसंघात त्यांची टिंगल झाली. एक मुदत संपल्यावर ते घरी परतले आणि काही वर्षे राजकारणातून जवळजवळ बाहेरच होते.

१८५४ मध्ये नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करणारा कायदा झाला आणि ते परत उभे राहिले. तेव्हा सिनेटचे सदस्य प्रांतिक विधानसभा निवडत असे. १८५५ च्या निवडीत पहिल्या फेरीत लिंकन सर्वांत पुढे होते आणि विजयाला मोजकीच मते कमी पडत होती. गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारे लायमन ट्रम्बुल यांच्याकडे फक्त पाच मते होती, पण ती पाच माणसे लिंकन यांच्याकडे यायला तयार नव्हती. फेऱ्या वाढत गेल्या आणि तिसराच उमेदवार निवडून येणार असे दिसू लागले. तेव्हा लिंकन यांनी आपल्या उरलेल्या समर्थकांना ट्रम्बुल यांना मत देण्यास सांगितले. पाच मतांचा माणूस सिनेटवर गेला आणि चाळिसाहून अधिक मतांचा माणूस घरी गेला. तत्त्व जिंकले असे आपण आज सहज लिहितो. त्या रात्री घरी जाताना त्यांना काय वाटले असेल, याचाही विचार करून पाहावा.

तीन वर्षांनी स्टीफन डग्लस यांच्याविरुद्ध सिनेटच्या निवडणुकीत ते पुन्हा हरले. त्या मोहिमेत त्यांनी गुलामगिरी नैतिक दृष्ट्या चूक आहे असे गावोगाव सांगितले. पण चार्ल्सटन गावच्या सभेत, श्रोत्यांचा कल पाहून असेल, कृष्णवर्णीयांना सामाजिक आणि राजकीय समानता देण्याच्या आपण बाजूचे नाही असेही ते म्हणाले. ही वाक्ये त्यांच्या भाषणसंग्रहात आहेत. ते एका दिवसात घडले नाहीत, आणि काही बाबतींत त्यांना फार उशीर लागला.

६ नोव्हेंबर १८६० रोजी ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. चौरंगी लढतीत त्यांना सुमारे ४० टक्के मते होती. त्यांनी पदभार घेण्याआधीच दक्षिणेचे सात प्रांत फुटून निघाले. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देण्यास मान्यता दिली तर तडजोड होईल, असे अनेक सूज्ञ लोक सांगत होते. ज्या प्रश्नावर लोकांनी निवडून दिले, तो प्रश्न शपथ घेण्याआधीच विकायला ते तयार झाले नाहीत. १२ एप्रिल १८६१ रोजी युद्धाला तोंड फुटले.

युद्ध म्हटले की कंत्राटे आली आणि कंत्राटे आली की लूटही आली. युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांच्या खात्यात निविदा न मागवता खरेद्या झाल्या. सैन्यासाठी गवती टोप्या आणि पातळ लिननच्या विजारी घेतल्याचे उघडकीस आले. जानेवारी १८६२ मध्ये लिंकन यांनी कॅमेरॉन यांना मंत्रिपदावरून हलवून रशियात राजदूत म्हणून पाठवले. एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहाने कॅमेरॉन यांच्या निषेधाचा ठराव केला. येथे कोणताही सत्ताधारी सुटकेचा श्वास सोडेल. दोष दुसऱ्याच्या नावावर लागला आणि माणूसही गेला.

लिंकन यांनी २६ मे १८६२ रोजी संसदेला आपणहून एक निवेदन पाठवले. युद्धाच्या सुरुवातीला राजधानीचा बाकी देशाशी संपर्क तुटला होता. त्या घाईत नेहमीची पद्धत सोडून, खाजगी व्यक्तींच्या हाती सरकारी पैसा सोपवण्याचा निर्णय स्वतः राष्ट्राध्यक्षाने आणि संपूर्ण मंत्रिमंडळाने घेतला होता. त्यामुळे चूक असेल तर कॅमेरॉन यांच्याइतकेच आपण सारे जबाबदार आहोत, असे त्यांनी कळवले. दुकानातले सहा सेंट परत करण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. तेथे पैसा परत करायचा होता. येथे दुसऱ्याच्या नावावर लिहिला गेलेला दोष आपल्या खात्यावर ओढून घ्यायचा होता, आणि तोही भर युद्धात, विरोधक टपून बसलेले असताना.

कॅमेरॉन यांच्या जागी त्यांनी एडविन स्टँटन यांना घेतले. १८५५ मध्ये एका मोठ्या खटल्यात हेच स्टँटन लिंकन यांचे सहवकील होते. त्यांनी या गावंढळ दिसणाऱ्या माणसाला बोलूसुद्धा दिले नव्हते आणि जेवणाच्या टेबलावरही बरोबर घेतले नव्हते. ते काम मात्र चोख करतात, एवढे लिंकन यांनी पाहिले.

घरच्या हिशेबातही त्यांनी हीच रीत ठेवण्याचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या सजावटीसाठी संसदेने २०,००० डॉलर दिले होते. श्रीमती मेरी लिंकन यांनी त्याहून बराच जास्त खर्च केला. ते कळल्यावर लिंकन फार चिडले. सैनिकांना अंगावर घ्यायला ब्लँकेट नाहीत आणि येथे गालिचे येतात, असा त्यांचा संताप होता. जास्तीचा खर्च आपल्या खिशातून भरीन असे ते म्हणाले. अखेर संसदेनेच दुसऱ्या तरतुदीतून ते बिल भागवले. येथे त्यांचे म्हणणे टिकले नाही, हेही सांगायला हवे.

१८६२ च्या उन्हाळ्याअखेर मिनेसोटा प्रांतात डकोटा जमातीचा उठाव झाला. करारातले पैसे वेळेवर मिळाले नव्हते आणि लोक उपाशी होते. शेकडो वसाहतवाले मारले गेले. उठाव मोडल्यावर लष्करी न्यायासनापुढे खटले चालले. काही खटले तर अवघ्या काही मिनिटांत संपले. ३०३ जणांना फाशीची शिक्षा झाली आणि कागद मंजुरीसाठी राष्ट्राध्यक्षांकडे आले. सगळ्यांना लटकवा, नाहीतर लोक कायदा हातात घेतील, असा दबाव प्रांतातून येत होता. लिंकन यांनी प्रत्येक खटल्याचे पूर्ण कागद मागवले आणि ते तपासायला माणसे बसवली. लढाईत भाग घेणारे आणि निःशस्त्र लोकांवर अत्याचार किंवा कत्तल करणारे असा फरक त्यांनी केला. शेवटी ३९ नावे उरली. नावे एकसारखी असल्याने भलत्याच माणसाला फाशी होऊ नये म्हणून ती यादी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. एकाची शिक्षा नंतर थांबवली गेली. २६ डिसेंबर १८६२ रोजी ३८ जणांना फाशी झाली.

अमेरिकेच्या इतिहासात एकाच वेळी दिलेली ही सर्वांत मोठी फाशी आहे आणि डकोटा समाजाच्या मनात तिची जखम आजही आहे. ज्या खटल्यांना खटला म्हणावे का असा प्रश्न पडतो, त्यांच्यावरूनच ही माणसे गेली. दुसरीकडे २६० हून अधिक जणांचा जीव त्या तपासणीमुळे वाचला. १८६४ मध्ये मिनेसोटाच्या एका नेत्याने त्यांना सांगितले की जास्त लोकांना फाशी दिली असती तर आमच्याकडे तुम्हाला जास्त मते पडली असती. मतांसाठी माणसे फासावर चढवणे मला परवडणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

गुलाममुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्यांनी २२ जुलै १८६२ रोजी मंत्रिमंडळापुढे ठेवला होता. २२ सप्टेंबरला ती जाहीर झाली आणि १ जानेवारी १८६३ रोजी तिच्यावर सही झाली. त्या दिवशी नववर्षाच्या भेटीगाठींत तीन तास हस्तांदोलन करून त्यांचा हात थरथरत होता. सही कापरी दिसली तर लोक म्हणतील याचे मन डळमळले, म्हणून थोडे थांबून त्यांनी सावकाश आपले पूर्ण नाव लिहिले. ही घोषणा फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होती. तरीही तिने युद्धाचा हेतूच बदलला आणि पुढे सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक सरकारी सैन्यात दाखल झाले. मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांची आठवण ठेवून महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांना अर्पण केला, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच.

आपल्याकडे लिंकन यांचे आणखी एक नाते आहे. मुलाच्या हेडमास्तरांना त्यांनी लिहिलेले म्हणून जे पत्र वसंत बापट यांच्या मराठी रूपांतरामुळे कित्येक शाळांच्या भिंतींवर लागले आहे, ते मीही लहानपणी पाठ केले होते. त्यांच्या संग्रहित पत्रांत असे पत्र नाही. शब्द सुंदर आहेत, पण त्यांच्यावरची सही लिंकन यांची म्हणता येत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणावर लिहिताना हे न सांगता पुढे जाणे बरे वाटले नाही.

खरे पत्र हवे असेल तर १३ जुलै १८६३ चे पाहावे. सेनापती ग्रँट यांनी व्हिक्सबर्गचा किल्ला जिंकला होता. लिंकन आणि ग्रँट तोवर एकमेकांना भेटलेही नव्हते. मोहिमेच्या मध्यावर ग्रँट यांची चाल चुकते आहे असे लिंकन यांना वाटले होते. ते त्यांनी उघड बोलून दाखवले नव्हते, म्हणून कबूल करण्याची गरजही नव्हती. तरी त्यांनी मुद्दाम पत्र लिहून कळवले की तुमचे बरोबर होते आणि माझे चुकले होते.

सर्वांत मोठी परीक्षा ऑगस्ट १८६४ मध्ये आली. त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये दीड महिन्यात ग्रँट यांच्या सैन्याचे पन्नास हजारांहून अधिक सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले होते. विजय दृष्टिपथात नव्हता. नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती. त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष हेन्री रेमंड यांनी कळवले की आपण सगळीकडे हरत आहोत. लोकांना वाटते की गुलाममुक्तीचा हट्ट नसता तर शांतता झाली असती, म्हणून फक्त देशाच्या एकतेच्या अटीवर दक्षिणेला तह देऊ करा.

येथे लिंकन डगमगले नाहीत असे लिहिणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांनी एका संपादकाला उत्तराचा मसुदा केला. गुलामगिरीबद्दल काही न बोलता शांततेचा प्रस्ताव आला तर पाहू, असा दरवाजा त्यात किलकिला ठेवला होता. तो मसुदा त्यांनी १९ ऑगस्टला फ्रेडरिक डग्लस यांना दाखवला. डग्लस हे स्वतः गुलामीतून निसटलेले आणि लिंकन यांच्यावर उघड टीका करणारे कृष्णवर्णीय नेते. डग्लस यांनी तो पाठवू नका असे सांगितले. पत्र गेले नाही. पुढे रेमंड यांच्या सूचनेनुसार तहाच्या बोलणीचाही मसुदा झाला. तोही टेबलावरच राहिला. त्याच दिवसांत भेटायला आलेल्या दोघांना त्यांनी सांगितले की आपल्यासाठी लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना परत गुलामीत ढकलले, तर इहलोकी आणि परलोकी माझी अधोगती होईल आणि ती योग्यच असेल. दिलेला शब्द मोडायचा नाही, मग खुर्ची गेली तरी चालेल, असे ठरायला त्यांना काही दिवस लागले, पण ठरले.

२३ ऑगस्टला त्यांनी एक कागद लिहिला. हे सरकार बहुधा निवडून येणार नाही. तसे झाले तर नव्या राष्ट्राध्यक्षाने शपथ घेण्यापूर्वीच्या काळात त्याच्याशी सहकार्य करून देश वाचवण्याचा प्रयत्न करणे आपले कर्तव्य राहील, असा त्याचा आशय होता. कागद दुमडून चिकटवला आणि मंत्र्यांना न वाचताच मागील बाजूस सह्या करायला लावल्या. यादवी युद्ध चालू असताना निवडणूक पुढे ढकलण्याचे निमित्त त्यांच्या हातात होते. ते त्यांनी वापरले नाही. हरणार असे मानूनही निवडणूक घेतली आणि हरल्यावर काय करायचे तेही लिहून ठेवले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला अटलांटा शहर पडले आणि वारे फिरले. ८ नोव्हेंबरला ते २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनी निवडून आले. छावण्यांतून मतदान करणाऱ्या सैनिकांपैकी चारांतील तिघांनी त्यांना मत दिले. ज्यांना मरायला पाठवले जात होते, त्यांचीच ही मते. ११ नोव्हेंबरला मंत्रिमंडळासमोर तो चिकटवलेला कागद उघडून वाचण्यात आला.

३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी कायमची बंद करणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. दोनतृतीयांशाच्या वर जेमतेम दोन मते होती. मतदानाच्या दिवशी अफवा उठली की दक्षिणेचे शांतिदूत राजधानीत येत आहेत. असे असते तर काही सदस्य फिरले असते. लिंकन यांनी चिठ्ठी लिहून दिली की माझ्या माहितीप्रमाणे शहरात असे दूत नाहीत आणि येण्याची शक्यताही नाही. शब्दशः ते खरे होते. दूत निघालेले होते, पण त्यांना शहराबाहेरच थांबवायचे त्यांनी ठरवले होते आणि तीन दिवसांनी ते स्वतः त्यांना तेथे जाऊन भेटले. सहा सेंटच्या गोष्टीशेजारी ही चिठ्ठी ठेवली की मन थोडे अडखळते. चाळीस लाख माणसांची मुक्ती एका बाजूला आणि अर्धे सत्य दुसऱ्या बाजूला. मी अजून याचा निकाल लावू शकलेलो नाही.

९ एप्रिलला दक्षिणेच्या मुख्य सैन्याने शरणागती पत्करली. ११ एप्रिलच्या संध्याकाळी निवासस्थानाच्या खिडकीतून त्यांनी जमलेल्या लोकांपुढे भाषण केले. लोक विजयाचे बोल ऐकायला आले होते. त्यांनी मात्र पुढच्या कठीण कामाबद्दल सांगितले आणि निदान सुशिक्षित कृष्णवर्णीयांना व सैनिक म्हणून लढलेल्यांना मताचा अधिकार मिळावा, असे आपले मत जाहीर केले. चार्ल्सटनच्या सभेला अजून सात वर्षेही झाली नव्हती. त्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. १४ एप्रिलच्या रात्री फोर्ड नाट्यगृहात त्याने गोळी झाडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी लिंकन यांनी देह ठेवला.

त्यांच्या खिशात दोन चष्मे सापडले. एकाची काडी दोऱ्याने बांधलेली होती. पाकिटात वर्तमानपत्रांची काही कात्रणे होती आणि पैसे म्हणून पाच डॉलरची एकच नोट होती. ती हरलेल्या दक्षिणेच्या सरकारची होती.